खिळा धरणारा

स्वीडनमधल्या उप्साला गावाच्या त्या चढावर वारा अगदी समोरून येत होता. माझी सायकल हलायला तयार नाही, आणि पाऊस तर आडवाच! तेवढ्यात लाल टोपीवाला एक उंच मुलगा सायकल दामटत पुढे आला आणि ओरडला, “माझ्या मागे ये! वारा मी अडवतो!”

वर पोहोचल्यावर कळलं, हा सिक्सटन. आमच्याच खगोलशास्त्राच्या संस्थेत नवा आलेला. म्हाताऱ्या, थंडावलेल्या ताऱ्यांपासून जो वारा सुटतो, त्यातल्या धुळीचं गणित तो करायचा, वायूचं मी.

“म्हणजे तू वायू. जागचा हलत नाही तो,” कॉफी ओतत तो म्हणाला. “ताऱ्याचा प्रकाश ढकलतो धुळीला. मग धूळच त्या बिचाऱ्याला ओढत नेते.”

“बिचारा? वायू नसता तर तुझी धूळ आली असती कुठून? फार शेखी मिरवू नकोस!”

तो हसला... आणि माझा वेलचीचा पाव कॉफीत पडला.

वर्षभर भांडत-भांडत आम्ही एकच गणित सोडवलं. धूळ आणि वायू एकाच वेगाने जातात, असं धरलं की काम सोपं होतं. आम्ही तसं धरलं नाही. उत्तर आलं ते मला मुळीच आवडलं नाही. वायू फार विरळ झाला, की धूळ त्याला मागे टाकून एकटीच निघून जाते.

त्याच आठवड्यात सिक्सटनला बेल्जियममध्ये नोकरी लागली. माझा जीव टांगणीला, आणि हा तोंड उघडेल तर शपथ!

मग माझ्या प्रबंधाचा दिवस आला. आमच्याकडे परीक्षेआधी प्रबंध सगळ्यांसमोर हातोडीने फळीवर ठोकायचा असतो. सिक्सटनने खिळा धरला. मी हातोडी उचलली... आणि थांबले.

“ठोक ना, टूव्हा. केक वाट बघतोय.”

“आधी सांग. एकटाच जाणार आहेस?”

त्याचे कान टोपीइतके लाल झाले.

“नाही जायचं एकट्याला,” तो पुटपुटला. “मला तू हवी आहेस... रोज. येशील?”

“ओढत नेणार असशील तर नाही. माझी मी येईन. आणि तिथे वारा सुटला, की पुढे माझी सायकल!”

“कबूल!”

मला इतका आनंद झाला, की हातोडी थेट त्याच्या अंगठ्यावर बसली.

“हा धर,” कळवळत त्याने दुसरा हात पुढे केला. “हा अजून शाबूत आहे.”

मी धरला. खिळा शेवटी आमच्या मार्गदर्शक बाईंनी ठोकला.