खरखर कुणाच्या घरची?

"पक्कड खाली ठेवा, रुपरावकाका!" गच्चीच्या कठड्याला पाठ लावून प्रीती ओरडली.

"अन् माह्या टीव्हीचं काय? कालची अर्धी मॅच खरखरीतच गेली ना वं!" सोसायटीचे सेक्रेटरी रुपरावकाका भडकले. "तुह्या आजोबाची तार आज कापूनच टाकतो!"

तार म्हणजे धम्मानंदआजोबांच्या हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संचाची, अँटेना, गच्चीवरून पलीकडच्या कडुनिंबापर्यंत ताणलेली. एकशेसाठ मीटरच्या रेडिओ-पट्ट्यावर दूरचं स्टेशन ऐकू येतं ते फक्त अंधारात. ऊन चढलं की सगळं गप्प! गेले वीस दिवस आजोबा पहाटे दक्षिण आफ्रिकेतल्या एका स्टेशनला हाका मारत होते आणि रोज एक मेली खरखर आडवी येत होती. आता सव्वापाच झाले होते. ऊन यायला पाव तास, आणि पक्कड दोन पावलांवर!

"राहू दे वं पोरी, कापू दे त्याले," आजोबा हेडफोन काढत म्हणाले.

तो पडलेला आवाज ऐकून प्रीतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं रेडिओची वायरच उपटली आणि शेजारी उभ्या मित्राकडे वळली.

"साहिल, तुझा ट्रान्झिस्टर लाव!"

खर्रर्र!

"ऐका! आमचा रेडिओ बंद आहे. मग हे कोण बोलून राहिलं?"

"मले काय माहीत?"

"मग चला शोधायला! आमच्या तारेची निघाली तर मीच कापते!"

"कापशीलच!" काका गुरगुरले.

गच्चीवर झोपलेली मंडळी उशा सोडून उठून बसली. साहिल ट्रान्झिस्टर घेऊन जिना उतरू लागला, मागोमाग प्रीती आणि काका. तिसऱ्या मजल्यावर खरखर वाढली. दुसऱ्यावर तर कानठळ्या!

"अबे, हे तर काकाचंच घर!" साहिल ओरडला.

दार उघडंच होतं. आत गॅलरीत काकांचा लोखंडी कूलर घरघरत होता. वायरीच्या जोडाला दुधाची पिशवी गुंडाळलेली, वरून पाणी टपटप, आणि आत निळी ठिणगी! काकांची तीन वर्षांची नात माया ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून कूलरकडे हात नेत होती...

"माया, हात लावू नको!"

प्रीतीची किंकाळी ऐकून माया दचकून थांबली. साहिलनं दाराजवळचं मेन स्विच खाली खेचलं. ट्रान्झिस्टर एकदम गप्प!

काकांनी मायाला छातीशी धरलं. "जोड मीच केला होता गा... मिस्त्री येईपर्यंत चालून जाईल म्हटलं..."

"ते नंतर, काका! पाच मिनिटं उरली!"

दोघं धापा टाकत वर आली. प्रीतीनं वायर जोडली. आजोबांची बोटं मोर्सच्या किल्लीवर नाचली. पहिल्यांदाच पट्टा स्वच्छ होता. आणि मग, अगदी बारीक, डि-डि-डि-दा... आजोबांची पेन्सिल धावू लागली.

"आपलीच कॉलसाइन, आपल्याच स्टेशनचं नाव! पोरांनो, उत्तर आलं!"

कडुनिंबाच्या शेंड्यावर ऊन आलं आणि आवाज विरून गेला.

वहीत आजोबांनी केप टाउनच्या नावापुढे लिहिलं: प्रीती आणि साहिल यांच्यामुळे.

"वीस दिवस तारेलेच दोष देऊन राहिलो होतो," मायाला कडेवर घेऊन काका वर आले होते. "पोट्टेहो, तुमच्यामुळं माही माया वाचली!"

पक्कड अजून त्यांच्या हातातच होती. खाली जाऊन त्यांनी ती चालवली, कूलरच्या वायरीवर!