आता तुझी पाळी

ही गोष्ट रात्रीची नाही बरं का. भर उन्हातली आहे आणि खरी आहे. मामा एकदाच बोलला, तापात बडबडताना. पुन्हा विषय काढला तर अंगावर धावून येतो.

सत्तावन सालचा चैत्र. परभणी ते जिंतूर सायकलींची शर्यत.

पहिल्या येणाऱ्याला हैदराबादची एक कंपनी पगारी स्वार म्हणून ठेवणार होती. नवी सायकल, गावोगावच्या शर्यती. आमच्या वैजीनाथमामाचा सगळा जीव त्या नोकरीत. इतका, की मागच्याच वर्षी त्यानं आपल्या जोडीदाराच्या, लिंगराजच्या पुढच्या चाकाचा नट गुपचूप ढिला केला होता.

बोरीच्या उतारावर चाक निखळलं. लिंगराज पुलाच्या दगडावर डोक्यानं आदळला. जागीच गेला. शर्यत रद्द झाली. खराब रस्त्यानं नट निघाला असंल, म्हणाले लोक. आणि माती द्यायला सगळ्यात पुढं वैजीनाथ! काय म्हणावं या माणसाला?

यंदा बोरीपर्यंत तोच सगळ्यांच्या पुढं होता. मागं चिटपाखरू नाही. समोरून वारा असा, की छाती फुटायला आलेली.

आणि मग... मागून साखळी वाजली.

कर्र... कर्र...

अगदी चाकाला चाक लावून कुणीतरी येत होतं. वळून बघायला दम नव्हता.

आता स्वारांची एक रीत असते. पुढचा वारा अंगावर घेतो, मागचा त्याच्या आडोशाला विसावतो. मग मागच्यानं पुढं यायचं. लिंगराजबरोबर सराव करताना रोज हेच चालायचं. वैजीनाथ सवयीनं ओरडला,

"किती आडोसा घेतूस रे? ये म्होरं, आता तुझी पाळी!"

मागचा आवाज थांबला...

आणि वारा पडला.

बाभळी हलत होत्या, धूळ उडत होती. याच्या तोंडावर मात्र झुळूक नाही. समोर मोकळा रस्ता... आणि कर्र... कर्र... आता पुढून.

वैजीनाथ गयावया करू लागला.

"लिंगराज... चुकलो रे दादा. सर बाजूला. आता माझी पाळी हाय..."

डावीकडून काढली, आवाज डावीकडं आला. उजवीकडून काढली, उजवीकडं. जीव खाऊन पायडल मारले, उपयोग शून्य.

जिंतुरात रेषा ओलांडून तो धाडकन पडला. "पहिला आलो! मी पहिला!"

पंच आबासाहेब हसले. "येडा झालास का? तू दुसरा. पहिला गेला की तुझ्या म्होरून. थांबला बी न्हाई गडी."

"कोन होता?"

"तोंड न्हाई दिसलं. डोकं... लाल लाल होतं. फडकं असंल."

कंपनीचा माणूस पहिल्याची वाट बघून बघून निघून गेला.

पुढं वैजीनाथ सेलूच्या शर्यतीत उतरला, मानवतच्या उतरला. दरवेळी दुसरा. गंगाखेडला तर बाकीचे स्वार आलेच नाहीत, हा एकटाच सुटला. तरी पंचांनी त्याला दुसराच धरला.

लोक पंचांना हसले. मी नाही हसलो. मी रेषेवर उभा होतो...

सायकली दोन आल्या.