भिंतीपलीकडचा टीव्ही

"...रोज दुपारी दोनच्या ठोक्याले तो अनुप घरात बाईले मारते, अन् बाजूची विमला तं..."

एवढंच ऐकू आलं आणि चक्कीचा पट्टा सुरू झाला. गल्लीतली तानाबाई पाठमोरी उभी होती. तिच्या बोलण्याचा पुढचा तुकडा पिठाच्या धुरळ्यात गेला. गव्हाचा डबा कमरेवर घेऊन विमलाबाई दारातच थांबल्या. तानाबाईनं वळून पाहिलं, पदर सारखा केला. "ये ना विमला, उन्हात काऊन उभी?" म्हणाली, आणि मुकाट्यानं दळणाकडं पाहत राहिली.

बोरगाव मेघेच्या त्या गल्लीत कोणाकडं काय शिजलं, हे शिजायच्या आधी विमलाबाईंना ठाऊक असायचं. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण कोणाचं सिलिंडर संपलं, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं तोंडपाठ. आणि ज्या घराची अन् आपली भिंत एक, तिथली गोष्ट तानाबाईच्या तोंडून कळावी? तीही अर्धी? आणि त्यात आपलं नाव?

पण नावापेक्षा दुसरंच काही त्यांना डसत होतं. अनुपची बायको मयुरी बँकेत होती. लाघवी पोरगी, सुट्टीच्या दिवशी विमलाबाईंजवळ बसून शेवया करायची. सोमवारी तिच्या दंडावर काळंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाली, "दार लागलं काकू."

सहा वर्षांपूर्वी त्याच घरात राहणारी मंजुषा हेच म्हणायची. दार लागलं काकू. एक दिवस तिला ते दार इतकं लागलं की ती उठलीच नाही. न्हाणीत पाय घसरून पडली, असं कागदावर लिहिलं गेलं. नवरा सचिन वर्षभरातच नागपूर रोडवर ट्रकखाली गेला. तेव्हा पोलिसांनी विमलाबाईंना विचारलं होतं, काही ऐकू आलं का. "मी टीव्ही पाहत होती साहेब. आवाज मोठा होता." यात खोटं काही नव्हतं.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी चक्कीपासून घरापर्यंत पक्कं केलं.

मे महिन्यात आमच्या वर्ध्याकडं दुपारी बारानंतर गल्लीत कुत्रंही दिसत नाही. खिडक्यांवर चादरी, दारं बंद, घरोघरी कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. प्रभाकरराव, म्हणजे विमलाबाईंचे यजमान, दुकानात होते. विमलाबाईंनी कूलर बंद केला आणि भिंतीला लागून बसल्या.

दोन वाजले. भिंतीपलीकडून बाई ओरडली.

रिकाम्या हातानं कोणाकडं जायची त्यांना सवय नव्हती. वाटीत कणकेचे उकडलेले सरगुंडे घेतले, वर आमरस ओतला, आणि अनवाणीच तापल्या फरशीवरून धावल्या.

अनुपनं दार उघडलं. गळ्यात हेडफोन, डोळे तांबारलेले. विमलाबाई त्याला बाजूला सारून आत शिरल्या. न्हाणी पाहिली, दिवाणाखाली पाहिलं.

"मयुरी कुठी हाये?"

"बँकेत. काय झालं काकू?"

"फोन लाव तिले."

मयुरीनं फोन उचलला, वाटीत काय आणलं ते ऐकून हसली, "सरगुंडे मले ठेवजा काकू," म्हणाली. तेव्हा कुठं विमलाबाई खुर्चीवर टेकल्या.

अनुप मूळचा समुद्रपूरचा. मुंबईच्या एका टीव्ही चॅनेलचं काम घरूनच करायचा. डेटा सायंटिस्ट आहे, एवढंच गल्लीला माहीत. आता त्यानं नीट सांगितलं. चॅनेलच्या बातम्या, गुन्ह्यांचे कार्यक्रम, सगळ्यातल्या किंकाळ्या त्यानं जमा केल्या होत्या. बारा हजार. खरी कोणती आणि नाटकी कोणती, हे तो मशीनला शिकवत होता.

"हे काऊन पाहिजे त्यायले?"

अनुपनं मान खाली घातली. "लोक कुठी चॅनेल बदलतात हे माह्याकडे दिसते काकू. किंकाळी खरी असली का कोणी बदलत नाई. नुसते बसून राह्यतात." मग एकदम थांबून म्हणाला, "पण आवाज बाहेर आला कसा? मी तं कानाले लावूनच ऐकतो."

विमलाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मले ऐकव," म्हणाल्या.

त्यानं बारा किंकाळ्या ऐकवल्या. विमलाबाई डोळे मिटून सांगत गेल्या. नाटकी. नाटकी. ही खरी. एकीत मशीन चुकलं होतं, विमलाबाई चुकल्या नाहीत.

"तुमाले कसं समजते?"

"नाटकातली बाई पुरं ओरडते बेटा. खरी मधातच थांबते. बाजूचे ऐकतील म्हनून."

मग अनुप हळूच म्हणाला, "अजून एक हाये... कार्यक्रमाचं नाव नाई, तारीख नाई. मी काढून टाकतो, दुसऱ्या दिवशी दोनले परत येते. मशीन म्हणते, खरी."

त्यानं ती लावली. आधी एक थप्पड ऐकू आली. मग काहीतरी जड, लोखंडी. ओल्या कपड्यावर मोगरी बसावी तसा आवाज. "नका... नका ना..." मधातच थांबलेलं. पुन्हा मोगरी. पुन्हा. एकदा ओलं, एकदा कोरडं, हाडावर बसल्यासारखं. आणि मागे, भिंतीच्या पलीकडून, एका मालिकेचं गाणं. सहा वर्षांपूर्वी संपलेली मालिका, रोज दुपारी दोनला लागायची ती. बाई हातानं भिंत बडवत होती. "काकू... काकू..."

गाणं एक पायरी वाढलं. मग अजून एक.

"ऐकलं?" अनुप कुजबुजला. "कोणीतरी टीव्ही मोठा केला."

विमलाबाईंच्या अंगठ्याला रिमोटचं ते बटण अजून आठवत होतं.

त्यांनी वाटी खाली ठेवली. "उद्या दोन वाजता दोघंही घरात राहू नका. मशीन बंद करजो. अन् किल्ली मले देऊन जाजो." अनुपनं त्यांचा चेहरा पाहिला आणि काऊन म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो मयुरीबरोबरच बँकेत जाऊन बसला. घराला कुलूप, मशीनची वायर काढलेली. विमलाबाई भिंतीजवळ बसल्या. मांडीवर किल्ली.

दोन वाजले. थप्पड. मग लोखंड. मग भिंतीवर हात, अगदी त्यांच्या डोक्यामागं. "काकू..."

विमलाबाई उठल्या.

कुलूप उघडलं तर आत न्हाणीतल्या ओलीचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास कोंडला होता. खोलीत कोणी नव्हतं. पण घाव पडत होते. प्रत्येक घावासरशी भिंतीच्या खालच्या अंगाला लाल शिंतोडे उडत आणि चुन्यात मुरून जात. फरशीवर केसांचा एक पुंजका सरकला, कोणी मुठीत धरून ओढावा तसा. मंजुषा कुठं पडली आहे, हे त्या शिंतोड्यांवरूनच समजत होतं.

विमलाबाई तिथं जाऊन मध्ये उभ्या राहिल्या. हात पसरले. "सोड तिले, सचिन."

घाव थांबले. समोरच्या रिकाम्या हवेत कोणीतरी श्वास टाकला.

मग पहिला घाव हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ मागाहून आली. काचेच्या बांगड्या मांसात रुतल्या. दुसरा खांद्यावर. तिसऱ्यानं कानशील फुटलं आणि तोंडात गरम, खारट रक्त आलं. त्या ओरडणार तेवढ्यात त्यांच्या तोंडावर एक हात बसला. बाईचा. ओला, थंडगार.

"ओरडू नका काकू..." कानाशी आवाज आला. "बाजूचे ऐकतील."

तीन दिवसांनी दवाखान्यात त्यांना नीट बोलता येऊ लागलं. हाताला प्लास्टर, कानशिलावर चौदा टाके. अनुपला पोलिसांनी एक रात्र बसवून ठेवलं होतं. बँकेच्या कॅमेऱ्यात तो दिसला, विमलाबाईंनीही जबाब दिला, तेव्हा सुटला. मयुरी खाटेशी बसली होती. तिनं बाही वर केली. दंडावरचं निळं आता पिवळं झालं होतं.

"मलेही दार नव्हतं लागलं काकू. रविवारी, दोनले... अनुप समुद्रपूरले गेलता. कोणाले सांगू, असं झालं."

तेवढ्यात खिचडीचा डबा घेऊन तानाबाई आली. इकडचं तिकडचं बोलून झालं, तसं विमलाबाईंनी तिला धरलं. "तानाबाई, त्या दिवशी चक्कीवर माह्या नावाच्या पुढं काय म्हणत होती?"

"जाऊ दे ना वो."

"सांग."

"अर्धं तं खरं निघालं ना. त्या घरात बाईले मारते. तो पोरगा नाई मारत, तेवढंच चुकलं." तानाबाई पदराचं टोक पिळत होती. "अन् तुह्यं म्हणशील तं... आवाज दबावा म्हनून तू रोज दोनले टीव्ही मोठा करते, असं. अख्ख्या गल्लीले ऐकू येते विमला. आता काय लपवतं?"

विमलाबाईंनी उशीवरून मान उचलली.

"सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दुपारी टीव्ही लावलाच नाई मी. दोन वाजले का रिमोट गव्हाच्या कोठीत राह्यते."

मयुरीनं बाही खाली ओढली.

उशाशी फोन वाजला. प्रभाकरराव होते. आंघोळ करून कपडे घेऊन येतो, म्हणून तासाभरापूर्वी घरी गेले होते.

"विमला..." त्यांचा आवाज दबका होता. मागे गाणं चालू होतं. तीच मालिका. "रिमोट तं कोठीत हाये. मी आताच पाह्यला. मंग हा टीव्ही कोण..."

"घरातून बाहेर निघा. आधी निघा तुम्ही."

गाणं एक पायरी वाढलं. मग अजून एक. विमलाबाईंनी वॉर्डातल्या घड्याळाकडं पाहिलं, दोन वाजले होते, आणि फोन कानाशी घट्ट दाबून धरला. गाण्याच्या खालून त्यांना प्रभाकररावांचं ओरडणं ऐकू आलं.

मधातच थांबलेलं.