पासष्टचे एकशे तीस

"रुचिर, काटा पुन्हा वाच."

"एकशे तीस."

शुभदाने वाकून स्वतः पाहिलं. सकाळी दाबमापकाचा काटा पासष्ट बारवर होता. महाडहून सुट्टीला कापडे गावी आलेली ही भावंडं मैत्रीण सेजलबरोबर रावजींच्या सोडा कारखान्यात आली होती. भिंतीलगत, रणरणत्या उन्हात कार्बन डायऑक्साइडचे दोन सिलिंडर उभे होते. शुभदाने हिशेब केला: वायू वीस अंशांनी तापला, तरी पासष्टचे फार तर सत्तर व्हावेत. दुप्पट कसे?

तिने रसायन कारखान्यातल्या इरावतीमावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, पुस्तकातला नियम आदर्श वायूचा. त्याचे कण एकमेकांना ओढत नाहीत, जागाही व्यापत नाहीत. खऱ्या वायूचे कण दोन्ही करतात, म्हणूनच दाबाखाली त्याचा द्रव होतो. जास्त भरलेला सिलिंडर तापला, की द्रव फुगून मोकळी जागा संपते आणि दाब सुसाट चढतो. अशा वेळी फुटून वायू सोडणारी एक चकती त्यावर असते.

सेजलने वाकून पाहिलं. चकतीच्या जागी जाड बोल्ट पिळला होता.

ते कळताच मावशी फोनवर ओरडली, "तिथून सगळ्यांना लांब ने, शुभदा. आत्ताच!"

ते ऐकून रावजी हसले. चकती फुटून माल वाया जातो, म्हणून बोल्ट त्यांनीच बसवला होता. वीस वर्षं हाच धंदा करतोय, पोरींनी शिकवू नये, असं त्यांनी सुनावलं. त्याच भिंतीच्या पलीकडे, सावलीत सेजलची आई चंद्राबाई इतर चार कामगार बायकांबरोबर भाकरी खात होती.

सेजल तिकडे धावली. "आये, पळ! आग्यामाश्या उठल्यात!"

बायका डोक्यावर पदर घेऊन पळाल्या. माश्यांच्या भीतीने रावजीही मागोमाग निघाले.

ते फाटकाशी पोचले आणि सिलिंडर फुटला. पत्रे उडाले, भिंत बायकांच्या जागेवर कोसळली. दुसरा सिलिंडर फरफटत जाऊन फणसाच्या खोडात घुसला. पत्र्याच्या तुकड्याने रावजींचा खांदा हाडापर्यंत चिरला. रक्ताची धार लागली. शुभदाने ओढणीचा बोळा जखमेत दाबून धरला. रुचिरने रुग्णवाहिका बोलावली.

चौकशीला कारखाना निरीक्षक साहेब आले, तेव्हा रावजी दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाले, "बोल्ट मी लावला. पोरांचं ऐकलं नाय. ती नसती, तर पाच घरं उजाड झाली असती." साहेबांनी उठून तिघांची पाठ थोपटली.

घरी चंद्राबाईने सेजलला पोटाशी धरलं.

"खोटं बोललीस," ती म्हणाली. "बरं केलंस गो."