चहा येऊन राह्यला

तळेगावच्या सभेत श्रावण सहकारी सोसायटीचे फायदे तोंड भरून सांगत होता आणि सगळे माना डोलावत होते. आर्वीहून आलेला हा तरुण सुपरवायझर भलताच खूश झाला. सभा संपल्यावर तो एस.टी.ची वाट बघत उभा होता. बायकांच्या बाजूला बसलेली एक मुलगी जवळून जाता जाता म्हणाली, "एवढे खूश नका होऊ. एकही जण मेंबर होणार नाई."

"काऊन? सारेच तर हो म्हणले."

"म्हणूनच. ज्याले यायचं रायते तो आधी भांडते. 'तुमचं बरोबर हाये' म्हणणारा मनातून उठून गेलेला रायते."

आणि खरंच, कुणीही आलं नाही.

पुढच्या सभांना श्रावण बोलता बोलता मागे बघू लागला. तिथं ती मुलगी, वच्छला, बसलेली असे. तिची भिवई चढली की विषय बदलायचा, ती गालात हसली की पुढे रेटायचं.

"सभेकडं पाहत जा ना… माह्याकडं काऊन पाहता?"

"सभा मले तिथंच दिसते," तो म्हणाला, आणि ती लाजून कोपऱ्यावरून वळली.

दिवाळीनंतर वच्छलेच्या घरी दोघांच्या लग्नाची बैठक ठरली. श्रावणला वडील नव्हते. जे काही ते काका भैय्याजींच्या हातात. भैय्याजी एकदा एखाद्या दारातून उठले की त्या दारात पुन्हा पाऊल ठेवत नसत, हे साऱ्या आर्वीला ठाऊक होतं.

स्वयंपाकघराच्या दाराआडून वच्छलेनं ओसरीवर नजर टाकली. वडील, सदाशिवराव, लोडाला टेकून ऐसपैस बसले होते. भैय्याजी सतरंजीच्या काठाला. डोक्यावरची टोपी तशीच, हातातली छत्रीही खाली ठेवलेली नाही… आणि श्रावण बापडा हसत होता.

"मानपान आमच्या पद्धतीनं होईल," सदाशिवराव म्हणाले.

"तुमचं बरोबर हाये," भैय्याजी गोड आवाजात म्हणाले.

"लग्न आमच्या दारात."

"बरोबर हाये."

आई, देवकाबाई, आनंदानं कपबशा मांडत होती. "जमलं वं बाई. टाक साखर."

चहा झाला की पाहुणे उठणार. चहा न घेता उठणं म्हणजे घराचा अपमान. तेवढं काही भैय्याजी करणार नाहीत. वच्छलेनं तांब्या उचलला आणि पेटत्या चुलीवर उपडा केला.

"काय केलं वं हे?"

"मोडून राह्यलं, आई. मले थोडा वेळ पायजे." मग ती दाराशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "चहा येऊन राह्यला. लाकडं ओली हायेत."

ओली? कितीतरी दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. श्रावणचं हसू थांबलं. त्यानं दाराकडे पाहिलं… भिवई चढलेली. मग काकांची टोपी, छत्री, सतरंजीचा काठ, सगळं त्याला एकदम दिसलं. तो उठला, अंगणात गेला आणि कुऱ्हाड उचलली.

नवरदेव लाकडं फोडतो! सदाशिवराव ताडकन उठून मागे धावले. "अवो, तुम्ही राहू द्या!"

फाटी उचलायला वच्छला अंगणात येऊन खाली वाकली.

"चूल तू इझवली ना?" तो पुटपुटला.

"तुमाले जाऊ द्यायचं नव्हतं मले…" ती फाटी गोळा करत म्हणाली. "कधीच."

श्रावणचा घाव ओंडक्याच्या बाजूला पडला.

"अरे, असं फोडते काय कोणी?" भैय्याजी ओरडले. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, टोपी काढून खिळ्याला अडकवली आणि अंगणात उतरले. "गाठीवर नाई, गाठीच्या बाजूनं!"

"गाठीवरच मारा लागते," सदाशिवराव म्हणाले.

"तुमाले काय समजते? मानपान म्हणे तुमच्या पद्धतीनं! आमी काय वाटेवर पडलो?"

"मग सांगा ना तुमची पद्धत!"

भांडत भांडत दोघं ओसरीवर चढले आणि एकाच लोडाला टेकले. वच्छलेनं चूल पेटवली.

पहिला घोट घेऊन भैय्याजींनी कपाळाला आठी घातली. "साखर कमी हाये. आमच्या घरी असा चहा चालणार नाई, आताच सांगून ठेवतो."

दाराआड देवकाबाईचा चेहरा उतरला. वच्छलेनं मात्र गालात हसत पदरानं डोळे टिपले आणि साखरेचा डबा घेऊन ती ओसरीवर गेली.