चेलोच्या पायाखाली तिघं

त्या संध्याकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकांनी भर रंगमंचावर तीन मुलांची हात जोडून माफी मागितली आणि सगळे प्रेक्षक टाळ्या वाजवत उभे राहिले.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. असं काही झालेलंच नाही. आत्ता ही तीन मुलं एका लाकडी चौथऱ्याच्या पोटात अडकली आहेत, बाहेरून स्क्रू पिळलेले आहेत आणि मुंगीचं कोपर शंक्याच्या नाकात आहे.

"कोपर काढ!"

"कुठे ठेवू? जागा दाखव, ठेवते!"

"दोघंही गप्प बसा!" ताई म्हणाली. सगळ्यात मोठी असल्यामुळे संकटात ओरडायचा पहिला मान तिचा होता.

तिघं भावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती. मावशी चेलो वाजवायची. चेलो म्हणजे व्हायोलिनचा धिप्पाड थोरला भाऊ. तो खांद्यावर मावत नाही, म्हणून जमिनीवर टेकवून, गुडघ्यांत धरून वाजवायचा. मावशीच्या रियाजाच्या वेळी मुलांनी दंगा केला, की ती हात न थांबवता टाचेने दोनदा ठकठक करायची. अर्थ असा, की गप्प, नाहीतर आज भांडी तुम्ही घासायची. या सुट्टीत भांडी अगदी लखलखीत झाली होती.

आज भल्यामोठ्या वाद्यवृंदाबरोबर मावशी पहिल्यांदाच पाहुणी म्हणून वाजवणार होती. पण दुपारच्या तालमीत घोटाळा झाला. मावशी रंगमंचावरच्या चौथऱ्यावर बसली, तिने एक खोल, लांब सूर लावला आणि... झर्रर्र!

तिने तारा तपासल्या. तारांखालची घोडी तपासली. पुन्हा झर्रर्र!

"वाद्याला तडा गेलाय," व्यवस्थापकांनी जाहीर केलं. त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. संगीताने डोकं उठतं म्हणून ते कानात कापूस घालून फिरत. पण त्यांची खात्री होती. "आधीच सांगतो, पहिल्या सुराला झर्र झालं, तर तिथेच पडदा पाडेन! आणि माझ्या किल्ल्या कोणी पाहिल्यात का?"

किल्ल्यांचं ते कालपासून विचारत होते.

मावशीने फक्त चेलोवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मुलांना ते बघवलं नाही.

"एक शंका आहे," शंक्या म्हणाला. त्याला नेहमीच असायची. "आतल्या खोलीत मावशीने वाजवलं, तेव्हा झर्र नव्हतं. मग तडा काय फक्त चौथऱ्यावर जातो?"

"म्हणजे चेलो बरा आहे!" मुंगी ओरडली. "चौथराच आजारी आहे!"

संध्याकाळी कार्यक्रमाआधी सगळे चहाला गेले तशी तिघं चौथऱ्याच्या मागे पोचली. व्यवस्थापकांना काही सैल दिसलं, की स्वतः पिळायचा नाद होता. काल त्यांनी हा चौथरा आत शिरून पक्का केला होता. मागची फळी मात्र एका स्क्रूवर लोंबती सोडून ते किल्ल्या शोधायला पळाले होते. मुलं फळी सरकवून आत शिरली.

एवढ्यात बाहेर बूट वाजले. "अरेच्चा! ही फळी राहिलीच की!"

घुर्रर्र! घुर्रर्र! स्क्रू पिळायचं मशीन सुरू झालं.

"काका! आम्ही आत आहोत!"

काकांच्या कानात कापूस होता.

मग वादक परत आले आणि प्रत्येक जण आपापलं वाद्य एकाच वेळी, वेगवेगळ्या दिशेने वाजवू लागला. मुलं घसा फोडून ओरडली. बाहेर बहुतेक तो तुतारीचाच आवाज वाटला असावा.

मुंगी उठायला गेली आणि तिचं डोकं कशावर तरी आपटलं. खळ्ळ! माइकच्या वायरसाठी वर एक भोक होतं, त्यातून थोडा उजेड येत होता. त्या उजेडात खिळ्याला लटकणारा किल्ल्यांचा भलामोठा जुडगा दिसला.

"झर्रर्र!" तिघं एकदम म्हणाली.

तेवढ्यात बाहेर सगळं शांत झालं. टाळ्या. डोक्यावर ओळखीच्या चपला. खुर्ची सरकली.

"आता ओरडलो तर ऐकू जाईल," शंक्या कुजबुजला. "मला श्वास घ्यायचाय, ताई. पोटभर."

"आणि मावशीचं काय? लगेच पडदा पडेल!"

शंक्याने वर पाहिलं. मग मुकाट्याने किल्ल्यांना हात घातला. तिघांनी जुडगा मुठींत गच्च आवळला.

तो खोल सूर आला. आधी फळीत, मग गुडघ्यांत, मग दातांत. जणू एखादा प्रचंड प्राणी त्यांना पोटात घेऊन गुणगुणत होता. झर्र नाही! वर मावशीने सोडलेला सुस्कारासुद्धा त्यांना ऐकू आला. अंधार होता, पाय बधिर झाले होते, तरी कोणी हललं नाही.

वाजणं थांबलं.

"संपलं!" म्हणत शंक्याने फळीवर धाडधाड बुक्के मारले.

संपलं नव्हतं. अशा मोठ्या रचनेचे भाग असतात, मधे थांबतात आणि तेव्हा कोणी टाळीसुद्धा वाजवत नाही. वाद्यवृंदाच्या संचालकांनी नगारेवाल्याकडे जळजळीत नजर टाकली. नगारेवाला डुलकीतून दचकला, आपलंच काहीतरी राहिलं असं समजून त्याने दोन दणके हाणले. प्रेक्षकांनी जाणकारपणे माना डोलावल्या.

आणि चौथऱ्यावर टाच वाजली. ठक ठक.

"मावशीला कळलं!" मुंगी कुजबुजली. तिघं शेवटपर्यंत चिडीचूप बसली.

टाळ्यांच्या कडकडाटात मावशीने पुष्पगुच्छ बाजूला सारला. "आधी ही फळी उघडा! माझी पोरं आत आहेत!"

व्यवस्थापकांना कापूस काढावा लागला. "पण मशीन माझ्या खोलीत... आज चुकून दार ओढलं गेलं, ते आपोआप बंद होतं... आणि किल्ल्या..."

भोकातून एक किल्ली वर आली.

"ही कोठाराची," व्यवस्थापक पुटपुटले. दुसरी आली. "ही गच्चीची." तिसरी. "ही कसली बरं?"

जुडगा भोकात मावत नव्हता, म्हणून ताई एकेक सोडवून देत होती. प्रत्येक किल्लीला प्रेक्षक टाळ्या देत होते. खोलीची अर्थातच सगळ्यात शेवटी आली.

मग ते न वाचलेलं वाक्य घडलं. "झर्र या मुलांनी पकडलं!" मावशी माइकवर म्हणाली. संचालकांनी तिघांशी हस्तांदोलन केलं. "इतके गुणी श्रोते मला आजवर मिळाले नाहीत!"

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना एक अर्ज मिळाला.

"महोदय, पुढील सर्व कार्यक्रमांत चौथऱ्याच्या पोटातील तीन जागा आमच्यासाठी कायम राखून ठेवाव्यात. आत एक उशी, एक खिडकी आणि मुंगीच्या कोपरासाठी स्वतंत्र दालन मंजूर व्हावं. फळी बाहेरून पिळली तरी आमची हरकत नाही. चेलो आतूनच सगळ्यात छान ऐकू येतो, याची कानातला कापूस काढून नोंद घ्यावी, ही नम्र विनंती."