चौदावा टाका

सर्जनचा उजवा अंगठा थरथरायचा. फार नाही, पण म्हणूनच तो भिंगाचा चष्मा टाळायचा. भिंगाखाली टाका मोठा दिसतो, तशी थरथरही. "माझे डोळे अजून शाबूत आहेत," असं म्हणत त्याने या तीन वर्षांच्या पोराचा मूत्रमार्ग दोनदा शिवला, आणि दोन्ही वेळा तो एकाच जागी गळला. आता तिसरी खेप. ही फसली तर शिवायला धड कातडीच उरणार नव्हती. सकाळी पोराची आई नुसती त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थिएटरच्या कपाटात त्याच्या वारलेल्या सरांचा चष्मा पडून होता. सर डावखुरे, गाठीचं डावं टोक लांब ठेवायची त्यांची खोड. आज त्याने तो काढायला सांगितला. मोठ्या सिस्टरने तो पुसून पुढे केला.

"घाला मुकाट्याने. उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं."

चष्मा नाकावर चपखल बसला. केसाहून बारीक दोरा सुतळीएवढा झाला. अंगठा थरथरताना दिसला, आणि मग थांबला. हायसं वाटून तो एकेक टाका घालत गेला. सिस्टर मोजत होती.

"तेरा."

भिंगात चौदा होते.

चौदावा नेमका गळतीच्या जागी होता. त्याचं डावं टोक लांब होतं.

"एखादा मोजायचा राहिला का, सिस्टर?"

"तेराच. का हो?"

त्याने भिंगावरून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. तिथे फट होती. भिंगातून पाहिलं, तर टाका. त्याने तिथे सुई टेकवली. ती आत जाईना. मग मूत्रमार्गात घातलेल्या नळीतून सलाईन सोडून पाहिलं. थेंबही गळला नाही. त्याने वरची कातडी शिवून टाकली.

दहाव्या दिवशी नळी काढली. पोराने एकसंध धार थेट सर्जनच्या कोटावर सोडली. आई रडता रडता हसली.

"तुमच्या हाताला गुण आहे हो, डॉक्टर!"

त्याचेही डोळे भरून आले.

खोलीत येऊन त्याने हात समोर धरला. अंगठा स्थिर होता. गेले दहा दिवस तो एकदाही थरथरला नव्हता.

त्याने सरांचा चष्मा चढवला.

अंगठ्याच्या पेरावर एक टाका होता. नेटका, एकच.

त्याचं डावं टोक लांब होतं. इतकं, की ते भिंगाच्या कडेबाहेर गेलं होतं.

तो हात मागे घेणार, एवढ्यात दोरा हळूच ताणला गेला, आणि अंगठा वाकला.